किल्ला सदरलंडसाहेबांचा नव्हता

सौदीतल्या अल-अहसाला सहल न्यायचं ठरलं तेव्हाच मी बैठकीत म्हटलं होतं, या वेळी नुसतं फिरूया, सत्कार नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. दम्माममधल्या आमच्या मराठी मंडळात डोलावलेल्या मानांना काडीची किंमत नसते, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. चार डोकी जमली की कुणाच्या तरी खांद्यावर शाल टाकल्याशिवाय आम्हाला अन्न पचत नाही.

या खेपेला सापडले सदरलंडसाहेब. माझा नवरा श्रीकांत जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये आहे, तिथले हे त्याचे वरिष्ठ. स्कॉटलंडचे, साठीला टेकलेले, इथे एकटेच राहणारे आणि आमच्याकडे हक्काने थालीपीठ खायला येणारे. खजुराच्या बागा बघायच्या आहेत म्हणाले, म्हणून श्रीकांतने त्यांना सोबत घेतलं. मंडळाचे अध्यक्ष शिरीषदादा पाहुण्याचं आडनाव ऐकून लगेच मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मला वाटलं, बसचं बघत असतील.

शनिवारी सकाळी निघालो. दम्मामहून हुफूफ, म्हणजे अल-अहसाचं मुख्य शहर, दीडेक तासावर आहे. रस्ता गुळगुळीत आणि तेवढाच कंटाळवाणा. वाळू, विजेचे मनोरे, ट्रक, पुन्हा वाळू. वाटेत पेट्रोल पंपावर करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा जरूर घ्या, पुढे तसा मिळत नाही. आणि हो, जायचं तर थंडीतच. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

बसमध्ये शिरीषदादांनी आपल्या लोकांचा लाडका प्रश्न इंग्रजीतून टाकला, "साहेब, तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपण नवीन माणसाला पाणी विचारायच्या आधी विचारतो. गाव कळलं, आडनाव कळलं की त्याला कुठल्या पाटावर बसवायचं ते मनात ठरून जातं. मला या प्रश्नाची चीड आहे. सदरलंडसाहेब मात्र खुलले. म्हणाले, आमचं आडनाव म्हणजे मुलखाचंच नाव. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या लोकांचं राज्य होतं, त्यांना हा मुलूख दक्षिणेला, म्हणून 'दक्षिणेचा मुलूख'. प्रत्यक्षात तो स्कॉटलंडच्या पार उत्तरेच्या टोकाला आहे.

"म्हणजे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव तुम्ही वागवता," मी म्हटलं.

"हो, आणि पुढे मजा अशी झाली, की जमिनीच्या मालकानेही तेच आडनाव लावलं आणि त्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांनीही..."

एवढ्यात शिरीषदादांनी अंताक्षरी जाहीर केली. ते वाक्य पुरं झालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

जबल अल-कारा हा डोंगर बघण्यासारखा आहे. आत अरुंद, उंच घळी आहेत आणि बाहेर कितीही तापलं तरी आत गार वाटतं. तिकीट आहे, पायात बूट हवेत. वरून खजुराच्या बागा नजर पोचेल तिथवर दिसतात. सदरलंडसाहेब बराच वेळ तिथे उभे होते. कालव्याचं पाणी कुणाच्या बागेत किती जातं, इथले मालक कोण, मजूर कुठून येतात, असं काय काय ते तिथल्या माणसाला विचारत होते.

जेवणासाठी बागेतला एक इस्तिराहा घेतला होता. इस्तिराहा म्हणजे दिवसाच्या भाड्याने मिळणारं बैठं घर, अंगण आणि सावलीसकट. सोबत नेलेली मटकीची उसळ, पुऱ्या आणि तिथून मागवलेला लालसर हसावी, म्हणजे अल-अहसात पिकणारा भात. हा भात खाल्ल्याशिवाय परतू नका. पोट भरलं, मी जरा पाय पसरले, आणि शिरीषदादा माइक घेऊन उभे राहिले. सहलीला माइक आणणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

"मित्रहो, आज आपल्यात साक्षात राजघराण्यातली व्यक्ती आहे."

शाल आली, श्रीफळ आलं. सदरलंडसाहेबांनी दोन्ही हसत घेतलं. मग आली भलीमोठी फ्रेम. आत एका किल्ल्याचा रंगीत फोटो, खाली राजचिन्ह आणि सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. त्यांचं हसू तिथेच थांबलं. श्रीकांत हळू आवाजात त्यांना भाषणाचा अर्थ सांगत होता. भाषण संपल्यावर साहेबांनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

"ही मी घेऊ शकत नाही," ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले. "माझे लोक या किल्ल्यात राहत नव्हते. ते या किल्ल्याच्या मालकाची जमीन खंडाने कसत होते. दोनशे वर्षांपूर्वी मालकाला मेंढ्यांमध्ये जास्त पैसा दिसला, तेव्हा त्यांना हाकलून दिलं. घरं जाळली, परत येऊ नयेत म्हणून."

शिरीषदादा माइकवर वळले आणि मराठीत म्हणाले, "साहेब विनम्र आहेत. म्हणतात, एवढ्या मोठ्या सन्मानाला मी पात्र नाही."

टाळ्यांचा कडकडाट. अक्षरशः कडकडाट.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर बसलेल्या अर्ध्याअधिक लोकांना इंग्रजी उत्तम येतं, दिवसभर ऑफिसात तेच बोलतात. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि माइक मागितला. तो मिळाला नाही म्हणून तशीच ओरडून साहेबांचं वाक्य न वाक्य मराठीत सांगितलं.

"वहिनी, बेरंग कशाला?" शिरीषदादा म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीचं ते. नाव तर तेच आहे ना? फ्रेम किती छान झालीये."

"ज्यांनी घर जाळलं त्यांचा फोटो तुम्ही घरात लावाल?"

कुणीतरी आइस्क्रीम वाटायला सुरुवात केली. माझी लेक कानाशी येऊन विचारती झाली, "आई, अंकलने गिफ्ट वापस क्यूँ किया?" तिला मी सांगितलं. तिला ते एका दमात कळलं.

संध्याकाळी हुफूफच्या कैसरिया बाजारात गेलो. दुपारी बंद असतो, चारनंतर जा. 'खलास' जातीचा खजूर, मसाले आणि हाताने जरीकाम केलेले बिश्त, म्हणजे अरबी झगे, बघण्यासारखे. माझं कशात लक्ष नव्हतं. सदरलंडसाहेबांनी माझ्यासाठी वेलदोडे घेतले आणि म्हणाले, "तुझा आवाज माइकपेक्षा मोठा आहे."

परतताना श्रीकांत त्यांच्याशेजारी बसला. आम्ही निवळेकर. आमचं निवळे गाव धरणात गेलं तेव्हा श्रीकांत शाळेतही जात नव्हता. दुसऱ्या तालुक्यात जमीन मिळाली, तिथले लोक आजही यांना 'धरणवाले' म्हणतात. हे तो कधी कुणाला सांगत नाही, कुणी विचारलं तर सरळ पुणं सांगून मोकळा होतो. त्या दिवशी सांगितलं. साहेबांनीही त्यांचं सांगितलं. खोऱ्यातून हाकलल्यावर त्यांचे पूर्वज समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यावर आले. शेती करणारी माणसं, मासेमारी शिकावी लागली. पुढे एक भाऊ कॅनडाला गेला, एक न्यूझीलंडला. साहेब स्वतः तेलाच्या नोकरीमागून आधी उत्तर समुद्रात, मग इथे. हुफूफ ते दम्माम दोघं बोलत होते. मी पुढच्या सीटवरून एकही शब्द न सोडता ऐकत होते.

घरी आल्यावर ग्रुपवर फोटो पडला. शाल, श्रीफळ, शेजारी पुन्हा सरळ उभी केलेली फ्रेम. खाली लिहिलेलं, 'राजवंशीय पाहुण्यांचा हृद्य सत्कार'. मी खाली दोन ओळींत दुरुस्ती लिहिली. पाच अंगठे आले. मग शिरीषदादांनी 'ग्रुपवर वाद नको' म्हणत ती काढून टाकली. तो फोटो आता मंडळाच्या वार्षिक अंकात जाणार आहे. साहेब म्हणाले, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही.

अंक त्यांचा आहे, ब्लॉग माझा. तेव्हा इथे लिहून ठेवते. सदरलंडसाहेब स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातले. फोटोतल्या किल्ल्याशी त्यांचा संबंध एवढाच, की तिथल्या मालकाची माणसं पेटते पलिते घेऊन दाराशी आली, तेव्हा साहेबांच्या आजोबांचे पणजोबा म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन घराबाहेर पडले.