फुगीर पावलं

ठसेवाल्याला सगळे 'पडताळे' म्हणत. आडनाव भलतंच होतं, पण दोघांना विचारल्याशिवाय तो घड्याळातली वेळसुद्धा खरी मानायचा नाही. समुद्राकाठच्या छोट्या संग्रहालयात त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. ओहोटी लागली की बादली, प्लास्टर आणि पत्र्याची पट्टी घेऊन तो ओल्या वाळूवर निघायचा. खेकड्याची तिरकी चाल, किड्याची नागमोडी रेघ, बगळ्याची बोटं, शेवाळ घासत गेल्याची खूण, जे दिसेल त्याभोवती पट्टीचं कडं लावायचा, प्लास्टर ओतायचा आणि सुकलं की उचलून आणायचा. हे ठसे एका दालनात असत. शेजारच्या दालनात तशाच खुणांचे दगड होते, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चिखलाचे. लोकांनी दोन्ही ताडून बघावं, अशी मांडणी.

हा संशय काही जन्मजात नव्हता. एका व्यापाऱ्याने पूर्वी खोट्या खुणा कोरलेला दगड अस्सल म्हणून त्याच्या गळ्यात मारला होता आणि तो सहा महिने काचेच्या कपाटात मिरवला. मग एका पाहुण्या प्राध्यापकाने त्यावर नख फिरवलं आणि तो हसला. संग्रहालय चालवणाऱ्या बाईंनी त्याची नोकरी राखली, पण तेव्हापासून पडताळे ताकही फुंकून पिऊ लागला.

अशात त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा हातगाडीवर दगड घेऊन आला. तो खाणीत काम करायचा. धूळ छातीत बसली होती, खाण सोडा नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दगडावर तीन बोटांची सात पावलं होती. बाई हरखल्या. दगड खरा ठरला तर अशी नजर असलेला माणूस दगड साफ करायला आपल्याकडेच ठेवू, म्हणाल्या. फक्त पडताळेने एकदा तपासावा.

पडताळेच्या मनात पाल चुकचुकली. नोकरी हवी तेव्हाच बरा दगड सापडला! त्याने चार दिवस तो उन्हात, सावलीत, भिंगाखाली पाहिला. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळेना. पाचव्या दिवशी कळलं. पावलं खोल नव्हती, वर आलेली होती. वाळूत पाय पडला की खळगा होतो, फुगवटा येत नाही. संग्रहालयातले सगळे दगडही खळग्यांचेच होते.

तरी खातरी करायला तो बहिणीकडे गेला. ती चहा टाकायला वळल्यावर त्याने खाटेखाली डोकावलं. तिथे बारीक छिन्नी होती, ताजी भुकटी लागलेली. ती बाहेर काढून त्याने बहिणीला विचारलं, भाऊजी हल्ली कोरीवकाम करतात का?

"दगड फोडणाऱ्याच्या घरी छिन्नी नाही तर काय वीणा सापडणार, दादा?" बहीण म्हणाली. चहा तिने दिला, पण समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी पडताळेने बाईंना सांगितलं, दगड कोरीव आहे. मेहुणा समोरच होता. "मी कोरला नाही. असाच निघाला," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खाणीत उतरला. दगड मागच्या अंगणात पडून राहिला.

दोन महिने गेले. एका सकाळी पडताळेने बगळ्याचा ठसा उचलला, उलटा केला आणि ब्रशने वाळू झाडली. पुढची तीन बोटं टचटचीत वर आली होती. अठ्ठावीस वर्षं रोज येत होती तशीच. ब्रश हातातच राहिला. चिखलातल्या खळग्यात वरून वाळू भरली, तिचा दगड झाला, खालचा थर निघून गेला, म्हणजे पावलं फुगीरच दिसणार. जे काम तो बादली घेऊन करत होता, तेच समुद्राने करून ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याने आधी बाईंना गाठून चूक कबूल केली, नोकरीचा शब्द घेतला आणि तसाच खाणीवर गेला. मेहुणा दगडाच्या ढिगाशी बसून खोकत होता. पडताळेने ठसा त्याच्या हातात दिला, सगळं उलगडून सांगितलं, माफीही मागितली. उद्यापासून संग्रहालयात या, म्हणाला.

मेहुण्याने प्लास्टरच्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"येईन की. पोटापाण्याचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "पण दादा, या ठशाने सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं. मी सांगितलं तेव्हा नाही पटलं."

मेहुण्याने ठसा जपून पडताळेच्या हातात परत दिला आणि तो अवजारं गोळा करायला उठला.