रफीकचाचांचा स्वाद

पुण्याच्या एका भाषांतर एजन्सीनं आमच्या रफीकचाचांना फसवलं. पैशात नाही. पैसे वेळेवर आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फसवणूक नावाची आहे.

औरंगपुऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. छापखान्यात कागद कापण्यापासून सुरुवात करून मी ते उभं केलं. रफीकचाचा माझ्याकडं प्रूफं बघतात. ते मूळचे कातिब, म्हणजे हातानं उर्दू लिहिणारे. लग्नपत्रिका, पोस्टर, पुस्तकं, सगळं त्यांच्या बोरूखालून गेलेलं. कॉम्प्युटरनं ते काम संपवलं, तेव्हा मी त्यांना दुकानात बोलावलं. माझ्यावर ओरडायचा अधिकार असलेला दुकानातला तो एकच माणूस.

वाळूजची एक कंपनी नॉर्वेला पंप पाठवते. पंपांवरचे सूचनांचे स्टिकर नॉर्वेजियन भाषेत लागायचे. भाषांतर पुण्याच्या एजन्सीचं, जुळणी आमची. स्टिकरची पट्टी चार बोटं रुंद. अक्षर लहान करायला नॉर्वेवाल्यांची मनाई, कारण पंप बोटीवर बसणार, तिथं अंधारात वाचता आलं पाहिजे.

अडचण अशी, की ते लोक दोन-तीन नामं एकमेकांना चिकटवून एकच शब्द करतात. मध्ये जागा नाही, रेघ नाही. sikkerhetsventil हा एक शब्द. अर्थ सुरक्षा व्हॉल्व्ह. असला शब्द पट्टीत मावत नाही, तो तोडून खालच्या ओळीत न्यावा लागतो. आमचं सॉफ्टवेअर इंग्रजीवर लावलेलं होतं. त्यानं वाटेल तिथं तोडला. आपल्याकडं कुणी ‘पाणीपु-’ एका ओळीत आणि ‘रवठा’ दुसऱ्या ओळीत छापलं तर कसं वाटेल? तसं झालं. नॉर्वेहून प्रूफ लाल गोलांनी भरून परत आलं, कुठं तोडायचं ते मात्र लिहिलेलं नाही.

मी एजन्सीच्या कर्णिकांना फोन लावला.

“तुमच्या भाषांतरकाराला विचारून सांगा ना, कुठं तोडायचं ते.”

“काळेसाहेब, त्या बाई ईस्टरच्या सुट्टीवर आहेत. डोंगरात गेल्यात, फोन लागत नाही.”

“आणि माल शुक्रवारी निघणार.”

“तुम्ही अनुभवी आहात. बघा कसं जमतंय.”

मी फोन आपटला. चाचांनी चष्म्यावरून बघितलं.

“क्या हुआ, काळे?”

“शब्द तोडायचेत, चाचा.”

“लफ्ज तोडना? नक्को. हमारी किताबत में लफ्ज की गर्दन नहीं काटते. जगह कम पड़ी तो हरफ सिकुड़ के बैठते, मगर लफ्ज पूरा रहता.”

“इथं अक्षर आवळायला परवानगी नाय.”

चाचांनी पट्टी हातात घेऊन बघितली. मग म्हणाले, “पूरी किताब छाप के दे मेरे को.”

पंपाचं नॉर्वेजियन मॅन्युअल मी छापून दिलं. चाचांना त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. दोन दिवस ते पेन्सिल घेऊन बसले. त्यांची पद्धत साधी होती. लांब शब्दातला कुठला तुकडा दुसरीकडं एकटा उभा आहे, ते शोधायचं. ventil एका पानावर एकटा सापडला. sikkerhet दुसऱ्या पानावर. म्हणजे सांधा त्या दोघांच्या मध्ये. पण मध्ये एक s उरला. तो कुणाचा?

मी म्हणालो, “टाका कुठंही.”

“ऐसा कैसा?” चाचा भडकले. “बिचारा किसी का तो होगा.”

त्यांनी पुन्हा पानं चाळली. s घेऊन सुरू होणारा sventil कुठंच नव्हता. sikkerhets मात्र दुसऱ्याच शेपट्या लावून चार ठिकाणी भेटला. “ये पहलेवाले का है,” चाचा म्हणाले. “दोनों को जोड़नेवाला टाका है, मगर कपड़ा पहलेवाले का.” म्हणून वर sikkerhets आणि खाली ventil. झाकणाचा शब्द आणखी लांब, beskyttelsesdeksel. तोही तसाच सुटला, beskyttelses आणि deksel.

सगळ्या लांब शब्दांची यादी चाचांनी बोरूनं लिहिली. प्रत्येक सांध्यावर बारीक उभी रेघ. कागदाच्या समासात प्रत्येक शब्दापुढं उर्दूतलं ‘स्वाद’ हे अक्षर. तपासून बरोबर ठरलेल्या मजकुरापुढं ते अक्षर काढायचं, ही त्यांची जुनी सवय. ‘सहीह’ म्हणजे बरोबर, त्यातलं पहिलं अक्षर. मी यादी स्कॅन करून स्टिकरांसोबत पुण्याला पाठवली.

प्रूफ नॉर्वेत एकही लाल गोल न होता पास झालं. माल शुक्रवारी गेला. मी जिलबी आणली.

महिन्याभरानं कर्णिकांचा फोन आला. आवाज लई गोड.

“काळेसाहेब, एक किरकोळ विचारायचं होतं. त्या यादीत शब्दांपुढं एक वळणदार चिन्ह आहे. ते कशाचं?”

“तुम्हाला कशाला हवं?”

“नॉर्वेहून विचारलंय. यादी त्यांना फार आवडली. आता सगळ्या मशिनींना तीच वापरणार आहेत.”

“यादी त्यांच्याकडं कुणाच्या नावानं गेली?”

“आमच्या लेटरहेडवर. पद्धत असते तशी.”

माझं डोकं सणकलं. पण घासाघिशीत मी आवाज खाली आणतो. म्हटलं, “रफीक साहेबांचं नाव यादीवर टाका. लगेच अर्थ सांगतो.”

“नाव टाकायची आमच्यात पद्धत नाही हो. त्यापेक्षा वर्षभराचं काम तुम्हालाच देतो. रेट वाढवून.”

“काम नको, रेट नको. नाव.”

“अहो, एका चिन्हासाठी एवढं?”

“तुम्हाला नाव टाकायची पद्धत नाही, तशी आम्हाला अर्थ सांगायची नाही.”

कर्णिक घाम पुसत असणार. मी आयुष्यभर घासाघीस केलीय. समोरचा कधी वाकतो, ते मला श्वासावरून कळतं. तो वाकतच होता. तेवढ्यात चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“साहब, वो स्वाद है. सहीह का स्वाद. मतलब, लफ्ज देख लिया, बरोबर है. उनको बोलो, हर लफ्ज दो बार देखा मैं.”

“थँक यू, चाचा!” फोन बंद.

मी टेबलावर हात आपटला. “चाचा, हातात आलेलं घालवलं तुम्ही!”

“पूछनेवाले को मतलब नक्को बोलना? ऐसा काम मेरे से होता नहीं.” मग हळूच, “क्यूँ रे, सच्ची पसंद आयी उनको?”

“व्हय,” मी म्हणालो. चाचा दिवसभर गुणगुणत होते. मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. पाच वाजता चहा त्यांनीच सांगितला, आणि माझा राग तिथंच संपला. त्यांच्यावरचा.

परवा वाळूजला गेलो, तेव्हा कंपनीच्या साहेबानं त्या यादीची फाइल दाखवली. आत चाचांचं अक्षर, चाचांच्या रेघा, पानोपानी स्वाद. खाली नवी ओळ, ‘ही खूण म्हणजे शब्द तपासला आहे.’ आणि वर, ‘आमच्या भाषा टीमनं तयार केलेली यादी.’

तेव्हापासून आमच्या दुकानातून काम बाहेर जातं, ते करणाऱ्याचं नाव प्रत्येक पानावर, मजकुराच्या मधोमध घेऊनच. नाव कापायचं म्हटलं तर काम कापावं लागेल. हे मी आधी करायला हवं होतं. ती चूक माझी, आणि मी ती कबूल करतो.

आता कर्णिकसाहेब, तुमची पाळी. त्या टीममध्ये कोण कोण आहे? एकेकाचं नाव घ्या. मी औरंगपुऱ्यातच आहे, दुकान दहाला उघडतं. चाचा साडेनऊलाच येतात. त्यांच्या समोर बसून सांगा.