जेवणाच्या सुट्टीतली फुसफुस

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात वीज वाचवायचं शिकवायला पणजीहून एक बाई आल्या होत्या. वीजबिल उतरलं नाही तर माणसं कमी करू, असं साहेब आदल्याच आठवड्यात बोलले होते. त्यामुळे आम्ही तोंडं पाडूनच बसलो होतो.

बाईंनी भाषण केलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, तशा त्या साहेबांसकट आम्हा सगळ्यांना आत घेऊन गेल्या.

“मात्शीं ओगी रावात,” म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि पाळण्यातल्या पोराचा श्वास ऐकावा तशी मान कलती केली. आम्हीही गप्प झालो, तेव्हा ऐकू आलं. हवेच्या पाइपांतून जागोजागी बारीक फुसफुस चालली होती, आणि ती गेलेली हवा भरायला कॉम्प्रेसर एकटाच वीज खात धडधडत होता.

“तुमी उपाशी, आनी हो बसून जेवता,” बाई कॉम्प्रेसरकडे बोट दाखवत आम्हाला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, “माणसांच्या पोटावर पाय देण्याआधी ह्याचं ताट उचला.”

पदर खोचून, ब्रशने साबणाचं पाणी लावत, प्रत्येक गळती त्यांनी आमच्याकडूनच शोधून घेतली. गळत्या बुजल्या, बिल उतरलं आणि कुणाचंच काम गेलं नाही.

त्या पुन्हा आल्या नाहीत. पण अजूनही यंत्रं थांबली की पहिला घास घेण्याआधी आम्ही क्षणभर गप्प बसतो.