पिंपातला माणूस

दोह्याच्या अल गराफा भागातल्या व्हिलात राहणाऱ्या नयनाला नवऱ्याचा राग येणं केव्हाच बंद झालं होतं. राग यायला समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते. आता उरली होती ती नुसती तुच्छता, आणि ती मनात ठेवून नयना रोज सकाळी सदानंदचा डबा भरत असे. ती मूळची नाशिकची. लग्नाआधी बँकेत नोकरी करायची. सदानंदला दोह्यात तेलकंपनीत काम मिळालं, तशी तिने नोकरी सोडली, दोन मुलं वाढवली. मुलं शिकायला परदेशी गेली आणि घरात राहिला सदानंद. हाताखालच्यांवर गुरकावणारा, वरच्यांपुढे वाकणारा, आणि शुक्रवारी मराठी मंडळी जमली की संस्कारांवर बोलणारा.

त्याच्या हाताखाली रोडेल नावाचा फिलिपिनो ड्राफ्ट्समन होता. तो सुट्टीवर गावी निघाला तेव्हा सदानंदने त्याला फोन केला. नयना समोरच मेथी निवडत बसली होती.

"तो तुमचा पिंपातला माणूस मिळतो ना, तो आण माझ्यासाठी," आवाज खाली आणून तो इंग्रजीत म्हणाला आणि फिदीफिदी हसला. "मोठा बघून आण."

रोडेल परतला आणि वस्तू द्यायला घरीच आला. सदानंद अजून ऑफिसातून यायचा होता. नयनाने कागद उलगडला. आत हातभर उंचीचा लाकडी माणूस, अंगावर कपड्यांऐवजी पिंप, तोंडभर हसू.

"मॅडम, पाहुण्यांसमोर पिंप उचलू नका," रोडेल अवघडून म्हणाला.

नयनाने तिथेच पिंप उचललं. स्प्रिंगवर बसवलेलं त्या माणसाचं लिंग टणकन उभं राहिलं. ती दचकली, आणि मग पोट धरून हसली. रोडेलचा जीव भांड्यात पडला.

"आमच्या गावी, बागियोच्या बाजारात माझी मावशी हेच विकते," तो म्हणाला. "चर्चमधून परतणाऱ्या म्हाताऱ्या थांबतात, पिंप उचलतात, हसतात आणि भाजी घ्यायला जातात."

"विकत नाही घेत?"

"घेतात की. सुनेला भेट द्यायला."

शुक्रवारी मंडळी जेवायला आली. पुरुष आतल्या खोलीत दार लावून बसले. शाळकरी पोरांसारखं दबकं खिदळणं स्वयंपाकघरापर्यंत येत होतं. पानं वाढली तशी पूर्णिमा आपल्या नवऱ्याला बोलवायला गेली आणि तिने दार उघडलं. तिचा नवरा म्हणजे अनंतराव, मंडळाचे अध्यक्ष, गणपतीत स्टेजवरून नव्या पिढीला वळण लावणारे. पिंप त्यांच्याच हातात होतं, वर उचललेलं.

"हे काय आहे?" पूर्णिमाने विचारलं.

अनंतरावांनी सदानंदकडे पाहिलं. सदानंद क्षणात बदलला. "आमच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनोने गळ्यात मारलं, वहिनी. काही संस्कारच नाहीत या लोकांना. रविवारी ऑफिस उघडलं की एचआरकडे तक्रार करणार आहे मी. असल्या माणसाला इथे ठेवताच कामा नये."

नयना मागे येऊन उभी होती. तिने हातातला डाव खाली ठेवला.

"अहो, तुम्हीच मागवलात ना? माझ्यासमोर फोन केलात. मोठा बघून आण म्हणालात."

"नयना, तू बाहेर जा."

"जाते. पण तुम्ही तक्रार केलीत तर रविवारी मीही ऑफिसात येईन आणि तिथे हेच सांगेन."

पूर्णिमाने नवऱ्याच्या हातून ते खेळणं घेतलं, पिंप एकदा खाली केलं, पुन्हा वर उचललं.

"एवढ्यासाठी दार लावून बसला होतात?" ती म्हणाली आणि हसत सुटली. मग बाहेरच्या बायकाही एकेक करून आत आल्या. पिंप हातोहात फिरलं. पुरुष खाली माना घालून जेवले आणि गोड न खाताच उठले.

तक्रार झाली नाही. रोडेल आपल्या टेबलावर कायम राहिला. सदानंदने काही दिवस अबोला धरला, आणि नयनाला तो मुळीच जड गेला नाही. लाकडी माणूस तिने हॉलच्या शोकेसमध्ये ठेवला. "काढ ते," असं सदानंद एकदाच म्हणाला. "तुम्ही काढा," ती म्हणाली. त्याने हात लावला नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा तिने अल दुहैलच्या एका शाळेत ऑफिसची नोकरी धरली. "घरात तिचा वेळ जात नव्हता, मीच म्हटलं कर," असं सदानंद चारचौघांत सांगत असे. ती शेजारी बसून ऐकायची, आणि त्याला खोडून काढण्याचीही तसदी घ्यायची नाही.