तेल लावलेला घोटा

नातीच्या केसांना खोबरेल चोळताना आजही माझी बोटे आपोआप आवळतात आणि ती ओरडते. त्या वासासरशी मी मुरूडच्या वाळूत उभा असतो. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. गावात सर्वांत उंच मीच. तरीही होळीच्या हुतूतू सामन्यात बचावाचा डावा कोपरा मला द्यायचा की नाही, हे धर्माकाका ठरवणार होते. आयुष्यभर तो कोपरा त्यांनीच राखला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या घोट्यांना खोबरेल चोपडले. "चढाई करतो. धर."

"काका, अंगाला तेल लावणे नियमबाह्य आहे! मी पंचांकडे लेखी हरकत नोंदवीन."

"नोंदव की, वकिला! तवर समोरचा गडी रेघ ओलांडून घरी जेवाया बसंल. अर्ज पाय धरत न्हाय. आधी धर, मंग खुशाल भांड."

तेव्हा मला हा नियमाचा उघड अपमान वाटला. आज मात्र पुरावा मुठीत आल्याखेरीज मी एकाही कचेरीला पत्र धाडत नाही.

मी संतापाने झेपावलो. घोटा एकदा निसटला. दुसऱ्यांदा मी टाचेमागची शीर दोन्ही हातांनी आवळली आणि गुडघे वाळूत रोवले. काका रेघेकडे हात ताणत घुमत राहिले. त्यांचे "हुतूतू" बारीक होत विरले आणि ते वाळूत कोसळून हसू लागले.

"आता घे हरकत!"

मी ती घेतली, नियम खणखणीत आवाजात सांगून. घोटा मात्र सोडला नाही.

"कोपरा तुजा," काका म्हणाले. "आता तरी सोड, मेल्या!"