उपरण्याखालचा हात

सोपानतात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळदुर्गात माझ्या ढाब्यावर त्यांच्याच नावानं थापा मारत बसलो होतो. हैदराबादच्या एका ट्रकवाल्याला सांगत होतो, की जळकोटच्या आमच्या तात्यांनी बाजारात उधळलेला खिल्लार बैल नुसता शेपटीला धरून थांबवला, आणि त्या दिवसापासून बैलाचं शेपूट हातभर लांब झालं. तेवढ्यात तात्यांच्या सुनेचा फोन. "काका, दुसरा झटका आला... संपलं सगळं." फोन ठेवला तसं ट्रकवाल्यानं विचारलं, "फिर बैल का क्या हुआ?" आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं काही सुचलं नाही.

त्याला आता महिना होत आला. तात्या जनावरांचे दलाल. त्यांच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातावर उपरणं पडतं, आणि आत बोटं बोटांना धरून काय ते सांगतात. भोवतीच्या गर्दीला दिसतात ती फक्त दोन गप्प तोंडं. हात उजवाच लागतो, डाव्यानं सौदा कुणी करत नाही. मी सगळीकडं सांगत फिरायचो, की तात्यांची बोटं कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं बोलतात आणि रागावली तर शिव्याही देतात. तात्या हसायचे. म्हणायचे, "बाबू, बाजारात बैलाच्या वयापास्नं बापाच्या नावापर्यंत समदं खोटं चालतंय. पर उपरण्याखाली न्हाय. तितं खोटं बोललेल्याच्या हाताला पुन्हा कोण हात देत न्हाय."

...आणि तात्यांच्या अंगावरून वारं गेलं ते नेमकं उजव्या बाजूनं. जीव वाचला, पाय फरफटत का होईना चालू लागला, पण हात खांद्यापासून लोंबत राहिला. वर त्याला स्पर्शही कळेना. चटका बसला तरी डोळ्यांनी बघावं तेव्हा समजायचं. दर मंगळवारी मी त्यांना सोलापूरला न्यायचो. तिथं फिजिओथेरपीच्या मॅडमनी खुर्चीसमोर एक कॅमेरा ठेवलेला. आपण हललो की पडद्यावर काड्यांचा माणूस हलायचा. हात किती उचलला, कोपर किती सरळ झालं, सगळ्याचे आकडे पडायचे. खांद्याच्या उंचीवर एक हिरवी रेघ होती. हात उचलायचा सोडून कंबर झुकवली की काड्यांच्या माणसाची पाठ लाल व्हायची.

पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले, "मॅडम, ह्याला धोतर तरी नेसवा. माज्यासारका दिसतोय, लाज वाटती." पुढं सवयीनं त्यांनी डाव्या हातानं उपरणं ओढून उजव्यावर टाकलं, तर पडद्यावरच्या माणसाचा हातच गायब!

"तात्या, उपरणं काढा. कॅमेऱ्याला हात दिसत नाही."

"पोरी, ह्यो हात कुणाला दिसू नये म्हणूनच तर जन्म गेला माजा."

पण काढलं. आणि मनाशी ठरवून टाकलं, की ज्या मंगळवारी हात हिरव्या रेघेला लागेल, त्याच आठवड्यात बाजारात जायचं. हात मंगळवारागणिक बोट-बोटभर वर सरकत होता. मॅडम खूष होत्या. "सहा महिने धीर धरा," म्हणायच्या. तात्यांना धीर होता. मला नव्हता. एका मंगळवारी हात रेघेच्या वीतभर खाली येऊन थरथरत थांबला. तात्यांच्या कपाळावर घाम. मॅडम शेजारच्या पेशंटकडं गेलेल्या. तात्या पडू नयेत म्हणून मी खुर्चीमागं उभा होतो. त्यांच्या ढगळ सदऱ्याच्या आडून मी मूठ घातली आणि कोपर वर ढकललं... काड्यांच्या माणसानं रेघ ओलांडली. तात्या लहान पोरासारखे ओरडले, "बाबू, गेला! वर गेला!" माझी मूठ त्यांना कळलीच नव्हती.

मॅडमनी आकडा बघितला, भुवया उंचावल्या. "पुन्हा एकदा करून बघू या."

"दमलेत आज," मी म्हणालो. "पुढच्या खेपेला बघू."

त्याच आठवड्यात तात्या बाजारात उतरले, तशी अख्खी गर्दी गोळा झाली. कर्नाटकातल्या आळंद भागातला मल्लप्पा, तात्यांच्या बरोबरीचा जुना दलाल, पुढं आला. त्यानं तात्यांचा उजवा हात स्वतःच उचलून घेतला आणि वर उपरणं टाकलं. मी मल्लप्पाचं तोंड बघत होतो. तो थांबला. बराच वेळ थांबला. बैलांनी शेपट्या हलवायच्या थांबवल्या म्हणालो असतो, पण तसं काही झालं नाही, माश्या घोंगावतच होत्या. मग मल्लप्पानं हात बाहेर काढला आणि मोठ्यानं ओरडला, "आयतु! झाला सौदा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या हसले नाहीत.

परतताना जीपमध्ये म्हणाले, "माजं एक बोट हललं न्हाय, बाबू. मल्लप्पा उपरण्याखाली खोटं बोलला. माज्यापायी." मग विचारलं, "पर रेघेला हात लागला व्हता की?"

मी सांगून टाकलं. जीप वाटेत घेतलेल्या लोहारा गावच्या पोरींनी भरलेली होती, त्या खिदळत होत्या.

त्यानंतर ते सोलापूरला गेले नाहीत. मी दर मंगळवारी दारात जीप उभी करायचो, मॅडमना फोन लावून द्यायचो, पाया पडायचो. "मशीन बिचारं खोटं बोललं न्हाय," म्हणायचे. "त्याला जे दावलं तेच त्यानं सांगितलं. आता खरा हात दावला तर ते म्हणंल, म्हातारा मागं गेला... नगं." व्यायामही सोडला. रेघेला वीतभर कमी पडलेला हात पुन्हा मांडीवर येऊन पडला. दुसरा झटका माझ्यामुळं आला असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण तो हात मी मारला, हे सांगायला मला डॉक्टर लागत नाही.

जायच्या आठ दिवस आधी भेटलो. डाव्या हातानं त्यांनी उपरणं ओढलं, उजव्या पंजावर टाकलं आणि म्हणाले, "ये. हात घाल. तोंडानं लई बोललास." मी बोटं आत घातली. पंजा गार होता. दोघंही गप्प बसलो, कितीतरी वेळ.

सुनेनं ते उपरणं मला दिलं. ढाब्यावर गल्ल्यामागच्या खिळ्याला असतं, आत्ता लिहिताना उजव्या हातावर घेतलंय. लोक विचारतात, शेवटी तात्यांनी माफ केलं का? त्यांचं एक बोट हललं, माझं बोट त्यांनी दाबलं, असं लिहायला मला कितीसा वेळ लागणार? ट्रकवाले रडले असते.

हललं नाही.