पाणकणसातली टिबुकली

शुक्रवारी लोक झोपतात. माझी सून दुर्बीण घेऊन पाखरं मोजायला जाते. पगार नाही, उलट पेट्रोल तिचंच. आखातात अल खोरला मुला-सुनेकडं आलो तेव्हा मला वाटलं, पोरगी शिकली आणि वाया गेली.

बायको गेल्यावर मुलानं मला इथं आणलं. तो कंपनीच्या बसनं ड्युटीवर जायचा, मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. शेवटी सून म्हणाली, बाबा, चला माझ्याबरोबर. गेलो.

गटाराचं पाणी साफ करून वाळवंटात सोडतात, त्याचं तळं झालंय. कडेनं पाणकणीस माजलंय. त्यात टिबुकलीच्या जोडीनं घरटं केलं होतं. मुठीएवढं पाखरू, दिसलं म्हणेपर्यंत बुडी मारतं आणि भलतीकडंच वर येतं. एक अंड्यांवर बसायचं, दुसरं चोचीतून शेवाळ आणून द्यायचं. मग पाळी बदलायची. मी तेवढंच बघायचो.

सुनेबरोबर वसईची एक नर्स यायची. तिनं विचारलं, अंकल, गावी घरी कोण असतं? मी म्हणालो, मी आणि आमची ही. सून पाण्याकडंच बघत राहिली.

पुढच्या शुक्रवारी घरट्यावर एकच टिबुकली होती. दुसरी कुठंच नाही.

"दोन लिही," मी म्हणालो. "बुडाली असेल."

"वर आली का, बाबा?"

"येईल की."

"येईल ते आम्ही लिहीत नाही. दिसलं ते लिहितो."

मला राग आला. पण पोरगी उठली नाही. ऊन चढलं, नर्स दोनदा यल्ला, चला म्हणाली, तरी सून माझ्यासाठी पाण्यावर नजर लावून बसली. तोंड लालबुंद झालं तिचं. शेवटी तिनं एकच लिहिली. असं माणूस मी कमी बघितलंय.

आता अंडी एकटीवर होती. खायला जाताना ती त्यांच्यावर शेवाळ ओढायची आणि परत आली की बाजूला सारून बसायची. अंडी निभतात की जातात, याचा घोर मला आठवडाभर. जेवताना सुनेला तेच विचारायचो.

मग एका शुक्रवारी घरटं रिकामं दिसलं. सुनेनं दुर्बीण माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही सांगा, बाबा."

टिबुकली पाण्यात होती. पंख जरा उचलले तशी पाठीवरून पट्ट्यापट्ट्यांची दोन डोकी वर आली. मी मागचं पाणी पुन्हा पुन्हा बघितलं. मग म्हणालो, "मोठी एक. पिल्लं दोन. लिही."

परतताना नर्सनं विचारलं, गावी कधी जाणार?

"जाईन की. घर झाडून घ्यावं लागेल," मी म्हणालो. "तिथं आता मी एकटाच."

गाडीत सुनेनं मागं हात करून पाण्याची बाटली दिली.